गवताच्या कड्यामागचा इतिहास

३० जूनला जपानमधल्या अनेक शिंतो देवळांत गवताचं मोठं कडं उभारतात. भाविक त्यातून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असे वळसे घेत जातात आणि सहा महिन्यांत साचलेला दोष कागदाच्या मानवाकृतीवर उतरवून ठेवतात. 'नागोशी नो हाराए' हा विधी आज एकसंध दिसतो, पण त्याची मुळं दोन आहेत.

पहिलं दरबारातलं. सहाव्या आणि बाराव्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी 'ओहाराए', म्हणजे महाशुद्धी करावी, असा नियम ७०१ च्या ताइहो कायदेसंहितेने घालून दिला. राजवाड्याच्या सुझाकु दरवाजासमोर अधिकारी जमत आणि नाकातोमी घराण्यातला पुरोहित पाठ म्हणे. तेव्हाची राजधानी नाराच्या हेइजो राजवाड्याच्या उत्खननात चरांमध्ये पातळ लाकडी मानवाकृती सापडल्या, त्या अशाच शुद्धीच्या. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या 'एंगीशिकी' या दरबारी नियमग्रंथात तो पाठ आहे. दोषांच्या यादीत आरंभीच भातखाचरांचे बांध फोडणं आणि पाट बुजवणं येतं. मग चार देवता दोष वाहून नेतात: एक नदीच्या वेगवान धारेतून समुद्रात सोडते, दुसरी गिळते, तिसरी पाताळात फुंकते, चौथी तिथे तो नाहीसा करते. या सगळ्यात कुणालाच शिक्षा नाही. मला या पाठाची खरी थोरवी इथेच वाटते.

गवताच्या कड्याचा मात्र यात उल्लेखच नाही. ते साथीच्या भयातून आलं. बिंगो प्रांतातल्या कथेत वाटसरू देवाला दोन भावांपैकी श्रीमंताने दारातून परत पाठवलं. गरीब भाऊ सोमिन शोराइने कांगाचा भात वाढला. पुढे देवाने त्याच्या घरच्यांना कमरेला गवताचं कडं बांधायला सांगितलं आणि साथीतून ते वाचले. कमरेचं ते छोटं कडं पुढे माणूस आत शिरेल एवढं मोठं झालं.

ओनिन गृहयुद्धानंतर (१४६७–७७) दरबारातली महाशुद्धी बंद पडली. १८७१ मध्ये मेइजी सरकारने जुना विधी पुन्हा सुरू केला. लगेच १८७३ मध्ये जुनं चांद्र पंचांग जाऊन पाश्चात्त्य पंचांग आलं. जुन्या पंचांगात सहाव्या महिन्याची अखेर म्हणजे उन्हाळ्याचा निरोप असे. ३० जूनला मात्र ऐन पावसाळी दिवस असतात. विधी ऋतूपासून तुटला, हे नुकसानच म्हणायला हवं. क्योतोच्या शिमोगामो देवळाने मात्र शरदारंभाची पूर्वसंध्या सोडलेली नाही. तिथे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुरुष कुंडात उड्या घेऊन पवित्र काठ्या मिळवतात.