गोलाग्र टंक

गोलाग्र टंक : रेघांना खुंट म्हणजे सेरिफ (रेघेच्या टोकाशी जोडलेली लहान आडवी रेघ) नसलेला आणि रेघेची टोके सपाट न कापता अर्धवर्तुळाकार ठेवलेला, बहुधा ठळक वजनाचा (जाड रेघेचा) टंक, म्हणजे छापील अक्षरांचा एका घडणीचा संच. व्यवहारात त्याला ‘राउंडेड’ म्हणतात. नुसते कोपरे बोथट केलेले टंक काही वर्गीकरणांत याच गटात घालतात. प्रस्तुत नोंदीत मात्र टोकाची त्रिज्या रेघेच्या जाडीच्या जवळपास निम्मी असलेलेच टंक धरले आहेत. ऑझ्वल्ड कूपर यांचा ‘कूपर ब्लॅक’ गुबगुबीत असल्याने पुष्कळदा याच पंगतीला बसवला जातो. त्याला खुंट आहेत, म्हणून तो येथे बाद.

उगम : खुंटरहित छापील टंकाचा सर्वांत जुना ज्ञात नमुना लंडनच्या चौथ्या विल्यम कॅसलनचा असून तो १८१६ च्या सुमाराचा मानतात. त्याची टोके सपाट आहेत. गोल टोके दिसू लागतात ती जाहिरातींच्या मोठ्या लाकडी खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या अक्षरठोकळ्यांत. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकूड कोरण्यासाठी फिरत्या पात्याचे यंत्र वापरात आणले, १८३४ च्या सुमारास विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफची (नमुन्यावरून लहानमोठी प्रत काढणाऱ्या उपकरणाची) जोड दिली, आणि जॉर्ज नेस्बिटच्या १८३८ च्या नमुनापुस्तकात ‘गॉथिक राउंड’ हा गोल टोकांचा टंक आढळतो. या क्रमामुळे गोलाई ही फिरत्या पात्याचीच देणगी, असे सांगण्याचा मोह होतो. ते तितकेसे पटत नाही. छपाईच्या खिळ्यात अक्षर उठावाचे असते. पाते अक्षराच्या बाहेरून फिरून भोवतालचे लाकूड काढते. अशा वेळी गोल राहतात ते आतले कोनाडे, आणि तेही कारागीर नंतर हाताने साफ करीत. बाहेरचे टोक पाते सहज चौकोनी सोडू शकते. तेव्हा लाकडी खिळ्यांतील गोलाई ही भित्तिपत्रकांच्या हौसेतून आली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

खोदीव अक्षरांची गोष्ट उलटी. तेथे पाते रेघेतूनच चालते आणि जेथे थांबते तेथे आपला गोल ठसा ठेवते. यंत्रांच्या पट्ट्यांवरील गॉर्टन या खोदयंत्राच्या पद्धतीची अक्षरे आणि तांत्रिक आरेखनातील साच्याची अक्षरे अशीच घडली. वाकवलेल्या काचनळीच्या निऑन फलकांतही धारदार कोपरा साधत नाही. मात्र या अक्षरांची रेघ बहुधा सडपातळ असते; तांत्रिक आरेखनातील अक्षरांच्या आयएसओ ३०९८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ‘बी’ प्रकारात ती उंचीच्या एक दशांश इतकी आहे. ठळक गोलाग्र टंकात यांच्यासारखे टोक आणि जाहिरातीतले वजन एकत्र दिसते.

रचना : तयार ठळक टंकाचे कोपरे गोल केले की काम झाले, हा समज चुकीचा आहे. अर्धवर्तुळाचे टोक तेवढ्याच उंचीच्या सपाट टोकापेक्षा आखूड भासते, म्हणून उभी रेघ ओळीबाहेर किंचित काढावी लागते. जाडी वाढली की हा भास वाढतो. दुसरी अडचण सांध्याची. सरळ कड जेथे संपते आणि चाप सुरू होतो तेथे वक्रता एकदम बदलते आणि डोळ्याला तेथे फुगवटा दिसतो. रेघ हाडासारखी, टोकांशी जाड वाटू लागते. त्यावर उपाय म्हणजे वळण अलीकडूनच हळूहळू सुरू करणे. त्यामुळे चांगल्या टंकातले टोक मोजून पाहिल्यास शुद्ध अर्धवर्तुळ निघत नाही.

देवनागरीत शिरोरेषा आडवी येते. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा गोल टोकाची ठेवली तर दोन अक्षरांच्या जोडावर वर-खाली खाच पडते. म्हणून जोडाची टोके सपाट ठेवून एकमेकांवर चढवतात आणि गोलाई हवीच असेल तर फक्त शब्दाच्या दोन कडांना देतात. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातील भेद तर डावीकडची गाठ आणि शिरोरेषेतील लहानशी फट यांवरच उभा आहे. वजन वाढले की पहिला बळी त्या फटीचा जातो.

प्रसार व उपयोग : ‘हेल्व्हेटिका राउंडेड’ १९७८ चा. १९७९ मध्ये फोक्सवॅगन आणि आउडी यांच्या एकत्रित विक्रेतेजाळ्यासाठी सेडली प्लेस या संस्थेने ‘व्हीएजी राउंडेड’ घडवला; तत्पूर्वी फोक्सवॅगन ‘फ्युचुरा’ आणि आउडी ‘टाइम्स’ वापरीत असे. तो घडवणाऱ्या गटातील जेरी बार्नी हे ब्रिटिश रेल्वेच्या दुहेरी बाणाच्या चिन्हाचे कर्ते. हाच टंक पुढे अ‍ॅपलच्या कळफलकांवर बरीच वर्षे होता. २०१५ पासून त्याची जागा अ‍ॅपलचाच ‘सॅन फ्रान्सिस्को’ हा टंक घेऊ लागला. कार्यालयीन संगणकांवर ओळखीचा झाला तो मोनोटाइपचा ‘एरियल राउंडेड’. जपानमध्ये ‘मारू गोथिक’ या नावाने हीच शैली मार्गदर्शक फलकांवर रुळली आहे, म्हणजे ती केवळ बालसुलभ समजणे सर्वत्र लागू पडत नाही.

खेळणी, खाऊ आणि मुलांची पुस्तके यांवरील वापर सर्वपरिचित आहे. गोल आकार जवळचे वाटतात या समजुतीला २००६ मधील बार आणि नेटा या संशोधकांच्या प्रयोगाचा आधार देतात. तो प्रयोग प्रामुख्याने वस्तूंच्या चित्रांवर होता, अक्षरांवर नव्हे. सलग मजकुराला ठळक गोलाग्र टंक सोसत नाही, कारण लहान आकारात अक्षरांच्या पोकळ्या बुजतात. भारतीय लिपींत ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बालू’ उल्लेखनीय असून तो नऊ भारतीय लिपींत उपलब्ध आहे. आरंभी तो एकाच जाड वजनात होता.