आशेचं वचन विलापाच्या मधोमध

दुःखाच्या घरी प्रार्थनेला जाणाऱ्यांच्या तोंडी एक वचन हमखास असतं: देवाच्या करुणेला खंड नाही, ती रोज सकाळी नवी होते. ते बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे, वचनं २२ आणि २३. हे शब्द जळालेल्या शहरासाठी रडणाऱ्या माणसाचे आहेत, हे मात्र सांगायचं राहून जातं.

यहूदाच्या सिद्कीया राजाच्या नवव्या वर्षी, दहाव्या महिन्यात बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमला वेढा घातला. अकराव्या वर्षी, चौथ्या महिन्यात, शहरात अन्न संपलेलं असताना तट फुटला. पुढच्याच महिन्यात मंदिर आणि घरं जाळली गेली. साल इ.स.पू. ५८७ किंवा ५८६. विलापगीताची पाचही गीतं, म्हणजे पाच अध्याय, या विध्वंसाची आहेत. परंपरा ती यिर्मया संदेष्ट्याची मानते, पण पुस्तकात लिहिणाऱ्याचं नाव नाही. दुसऱ्या गीतात लेकरं धान्य कुठे म्हणून विचारत आईच्या कुशीत प्राण सोडतात.

एवढं दुःख बांधलंय मात्र काटेकोर. हिब्रू अक्षरं २२. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या गीतात प्रत्येक वचन पुढच्या अक्षरानं सुरू होतं. तिसऱ्यात एकेका अक्षराला तीन वचनं, म्हणून ६६. जणू दुःख ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत बोलून घ्यायचं, काही मागे ठेवायचं नाही. पाचव्यात वचनं २२च, पण अक्षरांचा क्रम सुटलेला.

खरी गोम तिसऱ्या गीतात आहे. १८व्या वचनात तो म्हणतो, परमेश्वराविषयीची माझी आशा संपली. २१व्यात म्हणतो, हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे. मधल्या दोन वचनांत परिस्थिती तसूभरही बदललेली नाही. तो फक्त आपलं दुःख आणि त्यानंतर देवाची दया आठवतो. आणि ४४व्या वचनात पुन्हा तक्रार: प्रार्थना पोहोचू नये म्हणून तू स्वतःला ढगानं झाकून घेतलंस. आशा सापडल्यावरही विलाप थांबत नाही, आणि देवाला ते चालतं.

चर्चनं हे ओळखलं होतं. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या अखेरच्या तीन दिवसांत ‘तेनेब्रे’, म्हणजे अंधार, नावाच्या उपासनेत विलापगीतं गायली जात. लॅटिनमध्ये अक्षरांचा क्रम टिकेना, म्हणून प्रत्येक वचनाआधी आलेफ, बेथ, गिमेल ही अक्षरांची नावंच गात. त्रिकोणी दिवठणीवर १५ मेणबत्त्या असत. एकेक स्तोत्र संपलं की एकेक विझवायची. शेवटची विझवत नसत, वेदीमागे लपवत आणि नंतर परत आणत.

विलापगीतातली उपासमार मराठीत आणणाऱ्या व्यक्तीच्याही ओळखीची होती: मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनी आई-वडील दुष्काळात गमावले होते. भाषांतराचं काम त्या १९२२मधल्या मृत्यूपर्यंत करत होत्या.

सांत्वनाला जाताना नेहमीची चूक एकच: २२वं वचन तेवढं उचलून वाचणं. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्या रडण्याला इथे जागा नाही. निदान तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनापासून सुरुवात करा, सावकाश ३३व्यापर्यंत या. २०व्यानंतर क्षणभर थांबा. घरातलं कुणी बोलू लागलं तर आधी ते ऐका, मग पुढे वाचा.