मर्फी

मर्फी : आयर्लंडमधील सर्वांत प्रचलित आडनाव. ते लावणाऱ्या अनेक ख्यातनाम व्यक्तींचे आपापसांत रक्ताचे नाते नाही. मराठी वाचकाच्या कानावर हे नाव बहुधा तीन वाटांनी आलेले असते : मर्फी रेडिओ, ‘मर्फीचा नियम’ आणि वैद्यकातील ‘मर्फीचे चिन्ह’. तिन्हींमागचे मर्फी वेगळे आहेत. संदर्भग्रंथांतही त्यांची सरमिसळ होते, म्हणून येथे आधी नावाचा आणि मग माणसांचा विचार केला आहे.

आयर्लंडच्या जन्म-मृत्यू निबंधक कार्यालयातील रॉबर्ट मॅथेसन याने १८९० साली नोंदलेल्या जन्मांवरून आडनावांची जी गणती केली, तीत मर्फी पहिले आले. त्या वर्षी मर्फी नावाचे १,३८६ जन्म नोंदले गेले होते. त्यावरून या आडनावाची लोकसंख्या सुमारे ६२,६०० धरण्यात आली; दुसऱ्या क्रमांकावरील केली सुमारे ५५,९०० होते. हा आकडा शिरगणतीचा नव्हे. एकूण लोकसंख्या आणि एकूण जन्म यांचे गुणोत्तर काढून त्याने त्या नावाच्या जन्मांना गुणलेले आहे, म्हणून तो अंदाज म्हणूनच वापरावा. कॉर्क आणि वेक्सफर्ड या परगण्यांत हे नाव सर्वाधिक दाट आहे.

व्युत्पत्ती : मूळ आयरिश रूप ‘ओ मुरखदा’, म्हणजे मुरखद नावाच्या पुरुषाचा वंशज. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज आणि ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मुरखद हे व्यक्तिनाम ‘मुर’ (समुद्र) आणि ‘कथ’ (युद्ध) या शब्दांपासून झाले असून त्याचा अर्थ ‘सागरयोद्धा’ असा लावतात. याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. मात्र या अर्थावरून घराण्याचा आरमाराशी किंवा व्हायकिंगांशी संबंध जोडणे चुकीचे आहे. आपल्याकडे रणजित नावाच्या मुलाने लढाई जिंकलेली असावी लागत नाही, तसेच हे आहे.

खरा वाद ‘ख’चा ‘फ’ कसा झाला याचा आहे. आयरिशमधला हा ध्वनी मराठी ‘ख’पेक्षा घर्षक असून फारसी वळणाच्या ‘ख़’ला जवळचा आहे. इंग्रजीत हा ध्वनी एके काळी होता आणि नंतर गेला. जाताना त्याने काही शब्दांत ‘फ’ मागे ठेवला (लाफ, कफ, रफ), तर काहींत तो पूर्ण लोपला (नाइट). एका मतानुसार इंग्रजी बोलणाऱ्या लेखनिकांनी आयरिश नाव कानाने ऐकून लिहिताना हीच सवय लावली आणि ‘मर्फी’ झाले. दुसऱ्या मतानुसार हा बदल काही ठिकाणच्या आयरिश बोलीतच आधी झाला होता आणि लेखनिकांनी ऐकले तेच लिहिले. या वादात डन्फी या आडनावाचा पुरावा मोलाचा आहे. तेही ‘-खद’ने संपणाऱ्या दोनखद या व्यक्तिनामापासून आलेले आहे, पण ‘फ’ असलेले रूप मुख्यतः किल्केनीच्या आसपासच दिसते. केरी आणि कॉर्क येथे त्याच नावाचे डोनह्यू झाले. केवळ इंग्रजी सवयीने ‘फ’ आला असता, तर डन्फी देशभर दिसायला हवे होते. त्यामुळे बोलीभेदाचा वाटा मान्य करणे अधिक सयुक्तिक वाटते. अडचण एवढीच, की मर्फी हे रूप मात्र सर्वदूर पसरले आहे. तेथे इंग्रजी नोंदवह्यांतील एकसारखेपणाच्या ओढीनेही हातभार लावला असावा. ‘फ’ न आलेली ओ’मोरखो, मरो, मॉरो ही रूपे जुन्या कागदपत्रांत मिळतात. ओ’मोरखो हे रूप वेक्सफर्डमधील प्रमुख घराण्याने पुन्हा धारण केले.

सतराव्या-अठराव्या शतकांत आयरिश आडनावांआधीचा ‘ओ’ मोठ्या प्रमाणावर गळला. एकोणिसाव्या शतकाअखेरच्या भाषिक पुनरुज्जीवनात ओ’सुलिव्हन, ओ’कॉनर यांना तो परत मिळाला. मर्फींना मिळाला नाही. इंग्रजीत ओ’मर्फी अत्यंत विरळ आहे. पंधराव्या लुईची उपस्त्री मारी-लुईझ ओ’मर्फी (१७३७–१८१४) हे फ्रान्समधील ठळक उदाहरण. ती रूआन येथे आयरिश वंशाच्या कुटुंबात जन्मली. चित्रकार बूशेच्या पालथ्या पहुडलेल्या तरुणीच्या प्रसिद्ध चित्राची नमुना तीच, ही परंपरागत समजूत आहे. ओळख निर्विवाद मानता येत नाही.

आजच्या प्रमाण आयरिशमध्ये नाव ‘ओ मुरखू’ असे लिहितात. बोलताना र आणि ख यांच्या मध्ये एक अस्पष्ट ‘अ’ येतो. स्त्रीच्या नावात पहिले अक्षरच बदलते. अविवाहित स्त्री ‘नी वुरखू’, विवाहित ‘बॅन ई वुरखू’. ‘म’चा ‘व’ हा आयरिश व्याकरणाचा नियमित विकार आहे, वेगळे आडनाव नव्हे. देवनागरीत सूची करताना नेमकी येथेच चूक होते : भाऊ ‘म’खाली आणि बहीण ‘व’खाली जाते. उच्चार काहीही असो, नोंद ‘मुरखू’खाली करून ‘वुरखू’पासून पाहा-नोंद द्यावी.

शाखा : सर्व मर्फी एका मूळपुरुषाचे, हा समज टिकणारा नाही. मुरखद हे नाव मध्ययुगात सर्वत्र प्रचारात होते आणि दहाव्या-अकराव्या शतकांपासून आडनावे रूढ होऊ लागली, तेव्हा निरनिराळ्या मुरखदांपासून निरनिराळी घराणी निघाली. सर्वांत भक्कम पुरावा वेक्सफर्डच्या शाखेचा आहे. ही पूर्व आयर्लंडातील लेन्स्टर प्रांताच्या राजघराण्याची, म्हणजे ई खेन्सेलग कुळाची, ई फेल्मे नावाची पाती. तिचा मुलूख वेक्सफर्डच्या पूर्वेस बालाकीन भागात, ऊलर्टच्या परिसरात होता. नॉर्मनांना आयर्लंडात आणणारा लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो (मृत्यू ११७१) याचा वंश म्हणजे हे मर्फी, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते ग्राह्य नाही. मॅकमरो हे नाव डर्मटच्या पूर्वजांपैकी १०७० मध्ये वारलेल्या मुरखदावरून आले, तर ई फेल्मेंचा मुरखद वेगळा. डर्मटचा वंश पुढे कॅव्हना आणि किन्सेला या आडनावांनी चालला. दोन्ही घराणी एकाच मोठ्या कुळाची, इतकेच साम्य.

उत्तरेकडे अर्मा व टिरोन येथील मर्फी मुळात ‘मॅक’वाले आहेत. कॉर्कमधील मर्फी आज संख्येने सर्वाधिक असले, तरी ते वेक्सफर्डहून आले की मस्करी भागात स्वतंत्रपणे निर्माण झाले, याबाबत जुन्या वंशावळी अपुऱ्या पडतात.

आडनाव आयरिश म्हणजे माणूस आयरिश वंशाचा, असेही नाही. केंटकी डर्बी ही शर्यत तीनदा (१८८४, १८९०, १८९१) जिंकणारा आफ्रिकन-अमेरिकन जॉकी आयझॅक मर्फी (१८६१–९६) जन्माने आयझॅक बर्न्स होता. त्याने आजोबांचे आडनाव घेतले.

१७९८ चे दोन धर्मगुरू : इंग्रजी सत्तेविरुद्धच्या वेक्सफर्डच्या बंडात जॉन मर्फी आणि मायकेल मर्फी असे दोन कॅथलिक धर्मगुरू लढले. नाव, पेशा, परगणा आणि साल सारखे असल्याने दोघांच्या हकिकती एकमेकांत मिसळतात. जॉन (सु. १७५३–१७९८) याचे शिक्षण स्पेनमध्ये सेव्हिल येथे झाले. तो बूलव्होग येथे सहायक धर्मगुरू होता. २६ मे रोजी बंड पेटले; दुसऱ्या दिवशी ऊलर्ट टेकडीवर सरकार पक्षाच्या नॉर्थ कॉर्क मिलिशियाची सुमारे शंभरांची तुकडी जवळजवळ पूर्ण कापली गेली, आणि २८ मे रोजी एनिस्कॉर्थी पडले. ही जॉनची मोहीम. ९ जूनला आर्क्लोच्या लढाईत पडला तो बॅलिकन्यूचा मायकेल. २१ जूनच्या व्हिनेगर हिलच्या पराभवानंतर जॉन निसटला, पण पकडला गेला आणि जुलैच्या आरंभी कार्लो परगण्यातील टलो येथे त्याला फाशी देऊन त्याच्या देहाची विटंबना करण्यात आली. आर्क्लोत पडलेला मायकेल आणि टलोत फाशी गेलेला जॉन, एवढे पक्के धरले की उरलेला गोंधळ सुटतो.

विल्यम मार्टिन मर्फी (सु. १८४५–१९१९) : कॉर्क परगण्यातील कंत्राटदार, डब्लिनची ट्राम कंपनी आणि ‘आयरिश इंडिपेंडंट’ हे दैनिक याच्या हाती होते. १८८५ ते १८९२ संसदेत सदस्य. १९०७ मध्ये त्याने नाइटहूड नाकारली. कामगार पुढारी जिम लार्किनच्या संघटनेत असलेल्या कामगारांना कामावर न ठेवण्याचा मालकांचा पवित्रा त्यानेच उभा केला. ऑगस्ट १९१३ पासून पुढील वर्षाच्या आरंभापर्यंत सुमारे २०,००० कामगार टाळेबंदीत सापडले. त्याच्या नाइटहूड नाकारण्याची आठवण काढताना त्या महिन्यांतील डब्लिनच्या चाळींमधली उपासमार विसरता येत नाही.

वैद्यकातील मर्फी : येथे किमान तीन व्यक्ती आहेत. पहिला शल्यविशारद जॉन बेंजामिन मर्फी (२१ डिसेंबर १८५७–११ ऑगस्ट १९१६). विस्कॉन्सिनमध्ये आयरिश स्थलांतरितांच्या पोटी जन्म, कर्मभूमी शिकागो. ‘मर्फीचे चिन्ह’ त्याचेच. आज ते असे पाहतात : रुग्णास उताणे झोपवून गुडघे किंचित दुमडावेत. गळ्याच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणारी रेषा उजव्या बरगड्यांच्या कडेला जेथे छेदते, तेथे कडेखाली बोटे स्थिर दाबून धरावीत आणि रुग्णास सावकाश खोल श्वास घ्यायला सांगावे. श्वासाबरोबर यकृत खाली सरकते आणि सुजलेले पित्ताशय बोटांवर येऊन आदळते. कळ येऊन श्वास मध्येच तुटला, तर चिन्ह होकारार्थी. केवळ दुखणे पुरेसे नाही. श्वास थांबला पाहिजे, आणि डाव्या बाजूस तसेच केल्यावर तो थांबता कामा नये. ही डावी बाजू न तपासणे ही नित्याची चूक आहे. बोटे श्वासाबरोबर वर उचलली गेली, तर खरे चिन्हही निसटते. वृद्धांत आणि वेदनाशामक दिलेल्यांत ते नकारार्थी येऊ शकते, म्हणून नकारार्थी चिन्हावरून पित्ताशयदाह नाकारू नये. मर्फीची मूळ पद्धत मात्र निराळी होती : तो रुग्णास बसवून, मागे उभा राहून, बोटे आकड्यासारखी बरगडीखाली घाली. पाठीवर मूत्रपिंडाच्या जागी मुठीने ठोकून वेदना पाहण्याच्या तपासणीलाही याच मर्फीचे नाव आहे.

१८९२ मधील ‘मर्फी बटण’ हे आतडी टाक्यांशिवाय जोडण्याचे साधन होते. त्यात धातूच्या दोन पोकळ अर्धवाट्या असत. एकीची नळी दुसरीत शिरून खटक्याने अडके. आतड्याच्या प्रत्येक टोकात एक वाटी बसवून काठाला आवळदोरा घालायचा आणि वाट्या एकमेकींत दाबायच्या. मध्ये चिमटलेली ऊती मरते, तिच्याभोवती आतडी जुळून येते आणि बटण सुटून मलावाटे पडते. जोड बसण्याआधीच ऊती मेली तर गळती होई. छिद्र अरुंद असल्याने ते मळाने तुंबे, आणि कधी बटणच आत अडकून बसे. आतडी जोडण्याच्या आजच्या वर्तुळाकार स्टेपलरचे तत्त्व, म्हणजे दोन टोके यांत्रिक दाबाने एकत्र धरणे, येथे स्पष्ट दिसते.

भूल देताना श्वासनलिकेत घालावयाच्या नळीच्या टोकाजवळील बाजूचे भोक, ‘मर्फी आय’, हे मात्र याचे नाही. ते फ्रान्सिस मर्फी या भूलतज्ज्ञाचे (१९४१). नळीचे तिरके तोंड श्वासनलिकेच्या भिंतीला टेकले किंवा स्रावाने बुजले, तरी या भोकातून हवा चालू राहते. तोटा असा, की नळीतून घातलेली बूजी (वाट दाखवणारी लवचिक सळई) किंवा दुर्बीण कधी याच भोकातून बाहेर डोकावते आणि अडकते.

तिसरा विल्यम पॅरी मर्फी (६ फेब्रुवारी १८९२–९ ऑक्टोबर १९८७). जॉर्ज मायनॉटसह त्याने १९२६ मध्ये मारक पंडुरोगाच्या ४५ रुग्णांना रोज सुमारे १२० ते २४० ग्रॅम शिजवलेले यकृत खाऊ घालून त्यांचे रक्त सुधारल्याचे दाखवले. मायनॉट आणि व्हिपल यांच्यासह त्याला १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतातील कार्यकारी घटक, ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये वेगळा करण्यात आला. यकृताच्या या प्रयोगांच्या सुमारास मुंबईत ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगावर काम करीत होती. १९३१ मध्ये तिने तो यीस्टच्या अर्काने बरा होतो असे दाखवले. रक्तपेशी दोन्हींत मोठ्याच दिसतात, पण मुंबईतील रोगाचे कारण फोलेट या दुसऱ्या जीवनसत्त्वाची उणीव हे होते. दोन्ही रोग एकच समजून उपचार केल्यास धोका संभवतो : ब-१२ कमी असताना फोलेटच दिले, तर रक्त सुधारते आणि मज्जातंतूंची हानी मात्र वाढत राहते.

एडवर्ड मर्फी (११ जानेवारी १९१८–१७ जुलै १९९०) : अमेरिकन हवाई दलातील अभियंता, ‘मर्फीच्या नियमा’चा मर्फी. १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातील म्युरॉक तळावर रुळांवरच्या रॉकेट-गाडीतून मानवी शरीराला किती मंदन सोसते याचे प्रयोग जॉन स्टॅप करीत होता. मर्फीने पट्ट्यांवरील ताण मोजण्यासाठी स्ट्रेन गेज ही मापकयंत्रे आणली. ती दोन तऱ्हांनी जोडता येत आणि उलटी जोडली गेली. मापन शून्य आले. त्याचा नेमका उद्गार काय होता याची प्रत्यक्षदर्शींची वर्णने जुळत नाहीत. तो एका तंत्रज्ञाविषयी होता आणि सहकाऱ्यांनी त्याला नियमाचे रूप दिले, हे मत अधिक पटणारे आहे. ‘बिघडू शकेल ते बिघडेलच’ अशा अर्थाची वचने १९४९ पूर्वीही आढळतात. नाव तेवढे नवे. स्टॅपच्या ताशी ६३२ मैल वेगाच्या प्रसिद्ध फेरीशी (१० डिसेंबर १९५४, हॉलोमन, न्यू मेक्सिको) या घटनेची सांगड घालतात, ती चुकीची आहे. अभियंत्याच्या दृष्टीने यातला धडा निराशेचा नाही : जोडणीच अशी करावी की ती उलट बसूच नये. एका कोपऱ्याला कट दिलेले सिम कार्ड हे त्याचे रोजचे उदाहरण.

इतर : फ्रँक मर्फी (१८८९–१९५५) याने १९२९ मध्ये इंग्लंडमधील वेलविन गार्डन सिटी येथे रेडिओ कंपनी स्थापली आणि १९३७ मध्ये तो तिच्यातून बाहेर पडला. भारतातील मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यात होता. ओठांवर बोट ठेवलेल्या बाळाच्या जाहिरातीने हे आयरिश आडनाव मराठी घरांत पोचवले. जोसेफ मर्फी (१८९८–१९८१), जन्म कॉर्क परगण्यातील बॅलिडिहॉब, सुप्त मनाच्या सामर्थ्याविषयीच्या पुस्तकामुळे (१९६३) मराठीतही वाचला जातो. ऑडी मर्फी (१९२५–७१) हा दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिक व पुढे अभिनेता. किलियन मर्फी (जन्म २५ मे १९७६, कॉर्क) याला रॉबर्ट ओपेनहायमरच्या भूमिकेसाठी २०२४ चे ऑस्कर मिळाले.

डर्व्हला मर्फी (२८ नोव्हेंबर १९३१–२२ मे २०२२) : लिस्मोर येथील प्रवासलेखिका. जानेवारी १९६३ मध्ये कडाक्याच्या थंडीत ती युरोपातून सायकलवर निघाली आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान या मार्गे जुलैत दिल्लीला पोचली. खराब रस्त्यांवर टिकणार नाहीत म्हणून तिने सायकलचे गिअर आधीच काढून टाकले होते. त्यानंतर तिने तिबेटी निर्वासित मुलांच्या छावणीत काम केले. १९७३ मध्ये ती पाच वर्षांच्या मुलीसह मुंबईला उतरली आणि गोव्यावरून दक्षिणेस कोडगूपर्यंत गेली.