कपडे, भांडी आणि ४८ तास : पूरग्रस्त कुटुंबांच्या मदतीची पार्श्वभूमी

पूर ओसरल्यावर तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतात, तेव्हा घराच्या पडझडीची नोंद वेगळी होते आणि कपडे-भांड्यांच्या नुकसानीची वेगळी. घराच्या रकमेपुढे कपडे-भांड्यांची रक्कम किरकोळ दिसते. तरी सर्वांत जास्त कुटुंबांचा संबंध तिच्याशीच येतो, कारण महापुरातही बहुतेकांच्या भिंती उभ्या राहतात आणि गाद्या, धान्याचे डबे, मुलांची दप्तरे, शिलाई मशीन, फ्रीज मात्र चिखलात जातात. ही रक्कम कोणाला द्यायची, यावर महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जो वाद झाला, त्याचे मूळ घर ४८ तासांहून अधिक काळ पाण्यात असले पाहिजे, या एका छोट्या अटीत आहे.

इंग्रजी अमलातल्या मदतीच्या नियमांचा साचा दुष्काळाचा होता. दुष्काळी कामे, तगाई म्हणजे शेतकऱ्याला सरकारी कर्ज, शेतसाऱ्यात सूट किंवा तहकुबी ही त्या काळची साधने शेती आणि मजुरी डोळ्यांपुढे ठेवून घडली, आणि पुराने उद्ध्वस्त झालेला संसार त्यांत नीट बसत नव्हता. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ आपत्तीचा खर्च राज्यांनी आपल्या तिजोरीतून आणि केंद्राच्या हातभारातून प्रसंगानुरूप भागवला. १९९० पासून वित्त आयोगाच्या शिफारशीने प्रत्येक राज्यासाठी आपत्ती निवारणाचा स्वतंत्र निधी सुरू झाला आणि त्यासोबत कशाला किती द्यायचे याची यादीही आली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. मदतीची किमान मानके ठरवणे आणि घरांच्या हानीसाठी साहाय्य देणे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. २०१० पासून राज्याचा निधी याच कायद्याखाली आला. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातले ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे असतात.

या निधीतून मिळते ती मदत, नुकसानभरपाई नव्हे, हे निकषांचे पहिले गृहीतक आहे. गावात सगळे ‘भरपाई’च म्हणतात, पण शासन निर्णयात ‘सानुग्रह अनुदान’ लिहिलेले असते. सानुग्रह म्हणजे अनुग्रहापोटी दिलेले. म्हणून झालेल्या हानीचे मोल कोणी करत नाही. घर कोणत्या वर्गात बसते एवढेच पाहिले जाते आणि त्या वर्गाची ठरलेली रक्कम दिली जाते. केंद्राच्या २०१५ च्या निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपये होते, तर किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ५,२०० आणि कच्च्या घराला ३,२०० रुपये. मधली पायरीच नव्हती. अर्धे घर कोसळलेले कुटुंब आणि एक कोपरा ढासळलेले कुटुंब एकाच रकमेवर येऊ शकत होते, आणि पंचनाम्यातल्या ‘पूर्णतः’ व ‘अंशतः’ या दोन शब्दांमध्ये जवळपास ९० हजारांचे अंतर पडत होते.

कपडे आणि भांड्यांसाठी त्याच निकषांत अनुक्रमे १,८०० आणि २,००० रुपये होते. पात्र कोण? ज्यांचे घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात बुडालेले राहिले, ते कुटुंब. आधीच्या निकषांत ही मुदत आठवड्याची होती. म्हणजे दोन दिवसांची अट कागदावर सवलत म्हणूनच आली होती, आणि २०१९ पर्यंत तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या महापुराने सांगली, कोल्हापूर आणि शिरोळ तालुक्यातली गावे पाण्यात असतानाच एक शासकीय आदेश लोकांच्या मोबाइलवर फिरला. घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असलेल्या कुटुंबांना १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मोफत, असा त्याचा आशय होता. छपरावर बसलेल्या माणसाने दोन दिवस मोजायचे का, असा संताप उसळला. जुनी मुदत याहून मोठी होती, हे सरकारी बाजूचे म्हणणे चूक नव्हते, पण त्या दिवसांत ते कोणाच्या पचनी पडणे शक्य नव्हते. पुढे त्या पुरासाठी ग्रामीण भागात कुटुंबाला १०,००० आणि शहरी भागात १५,००० रुपये जाहीर झाले. त्यातले ५,००० रोख हातात आणि उरलेले बँक खात्यात असे ठरले. निकषातल्या रकमेच्या वरचा भार राज्याने आपल्या तिजोरीतून उचलायचा असतो, तसा तो उचलला गेला.

मला या अटीतला दोष आकड्यापेक्षा तिच्या मोजपट्टीत दिसतो. घरात पाणी किती वेळ होते हे ठरवायचे कसे? पंचनामा करणाऱ्याला भिंतीवर चिखलाची एक रेघ दिसते. कोठे ती खिडकीच्या गजांपर्यंत असते, तर कोठे देवघराच्या फळीच्याही वर. पाणी कुठवर चढले हे ती रेघ चोख सांगते, पण ते किती वेळ थांबले हे तिला सांगता येत नाही. मग शेजाऱ्यांचे जबाब, पोलीस पाटलाचे म्हणणे, नदीच्या पातळीच्या नोंदी यांवर भिस्त ठेवावी लागते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट आहे, सांगलीच्या आयर्विन पुलावर ती ४० आणि ४५ फूट आहे. पण पुलाखालची पातळी आणि गल्लीतल्या अमुक घराच्या उंबऱ्यावरचे पाणी यांचा ताळा दर वेळी लागतोच असे नाही. शिवाय जे कुटुंब सूचना ऐकून वेळेत निवारा केंद्रात गेले, त्यालाच पाणी घरात कधी शिरले आणि कधी निघाले हे सांगता येत नाही. शहाण्यासारखे वागलेल्या माणसाचा पुरावा असा दुबळा ठरतो, ही गोष्ट मला फार खटकते.

दुसरी अडचण भूगोलाची आहे. कृष्णाकाठच्या सपाट मुलखात पाणी हळूहळू चढते आणि आठवडाभर हलत नाही, त्यामुळे तेथे दोन दिवसांची अट सहज पूर्ण होते. कोकणातली नदी आखूड आणि तीव्र उताराची. तिचा पूर अतिवृष्टी आणि भरतीची वेळ जुळली की रातोरात येतो आणि लवकर उतरतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि वस्त्यांत घुसले, आणि दुसऱ्या दिवशी ते ओसरू लागले. मागे राहिलेल्या चिखलातून भांडी शोधून काढणाऱ्या घरांचे नुकसान शिरोळच्या घरांपेक्षा कमी नव्हते, तरी ४८ तासांच्या हिशेबात त्यांतली अनेक घरे काठावर किंवा बाहेर पडली असती. वाऱ्याचे संकट तर या हिशेबात येतच नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि रत्नागिरीत पत्रे, कौले उडाली आणि उघड्या घरांतला संसार पावसात भिजून गेला. पण भिजलेले घर म्हणजे बुडालेले घर नव्हे.

म्हणूनच निसर्ग वादळानंतर आणि पुढच्या वर्षीच्या पुरानंतर राज्याचे निर्णय केंद्राच्या निकषांपासून ठळकपणे दूर गेले. ऑगस्ट २०२१ च्या सुमारे ११,५०० कोटींच्या पॅकेजमध्ये ४८ तासांची अट शिथिल करून कपड्यांसाठी ५,००० आणि भांड्यांसाठी ५,००० रुपये देण्यात आले. घरांच्या बाबतीतही मधल्या पायऱ्या आल्या : पूर्ण नष्ट झालेल्या घराला १,५०,०००, निम्म्या पडझडीला ५०,०००, २५ टक्क्यांना २५,००० आणि १५ टक्क्यांना १५,००० रुपये. पंचनामा करणाऱ्यालाही या पायऱ्यांनी मोकळा श्वास मिळाला असणार, कारण आता त्याला सगळे किंवा जवळपास काहीच नाही यांतून एक निवडावे लागत नव्हते.

२०२२ मध्ये केंद्राने २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी निकष सुधारले. पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये झाले, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००, तर कपडे व भांड्यांसाठी प्रत्येकी २,५०० रुपये. दोन दिवसांची अट तशीच राहिली. जुलै २०२३ मध्ये राज्याने पूरबाधित कुटुंबांची तातडीची मदत ५,००० वरून १०,००० केली. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापुरात अतिवृष्टीने नद्या पात्र सोडून वाहिल्या, आणि ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यात पाणी शिरलेल्या घरांसाठी १०,००० रुपये कायम राहिले. घरांच्या पडझडीचे आकडे मात्र पुन्हा १,२०,०००, १,३०,००० आणि ६,५०० असे केंद्राच्या यादीतले होते. २०२१ च्या मधल्या पायऱ्या त्यात नव्हत्या, आणि शेतीच्या मोठ्या आकड्यांच्या चर्चेत हा बदल जवळपास झाकला गेला.

वाढीव दर आणि शिथिल अटी ज्या शासन निर्णयांतून येतात, त्यांत बहुधा ‘विशेष बाब म्हणून’ असे शब्द असतात, आणि ते त्या आपत्तीपुरतेच लागू असतात. २०१९ नंतर राज्यात पुराची इतकी वर्षे येऊन गेली, तरी पाणी उतरलेल्या घरातला माणूस तलाठ्याला पहिला प्रश्न हाच विचारतो की या वेळचा निर्णय निघाला का, आणि तो निघेपर्यंत तलाठ्याच्या हातात जुने निकष आणि दोन दिवसांची अटच असते.