गाणारे गुलाम सुखी होते का?
‘अमेरिकेतले गुलाम शेतात गात असत, म्हणजे सुखातच होते,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. गाणी खरी आहेत, निष्कर्ष चुकीचा. गुलामीतून निसटलेल्या एका माणसाने १८४५च्या आत्मकथनात लिहिलंय, की सर्वांत जास्त गाणं सर्वांत जास्त दुःखात निघे. अश्रूंनी मन हलकं व्हावं तसं. त्याला स्वतःची जन्मतारीखही ठाऊक नव्हती. मालक वारल्यावर वाटणीसाठी माणसं, घोडे, मेंढ्या, डुकरं एकाच रांगेत उभी करून किंमत ठरवली गेली. त्या रांगेत लहान मुलंही होती!

पडताळायचं असेल तर १८५० आणि १८६०च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्या ऑनलाइन पाहा. मालकाचं नाव दिसेल. गुलामाचं बहुतेक ठिकाणी नाहीच. फक्त वय, लिंग, कातडीचा रंग. पळालेल्यांच्या शोधासाठीच्या जुन्या जाहिरातींत तर चाबकाचे वळ हीच खूण दिलेली सापडते, आणि ती मालकांनीच छापलेली.