ते पित्त नव्हतं

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. राजापूरकडच्या आमच्या घरी पावसाआधी कौलं परतायचं काम चाललं होतं. नेहमीचा गडी छपरावर, त्याचा मुलगा शिडीशी उभा राहून कौलं वर देतोय. आढ्याजवळचं एक कौल उचललं, तर खाली रिपेला तळहाताएवढं पोळं. तीन-चार गांधीलमाश्या त्याच्या मानेला आणि हाताला चावल्या. गडी शिव्या घालत खाली उतरला, पडवीत टेकला, तांब्याभर पाणी प्यायला. कुणीतरी कोयती आणून चावल्या जागी लोखंड घासलं. दहाएक मिनिटांत त्याच्या पोटावर आणि मांड्यांवर लालभडक गांधी उठल्या.

"पित्त उठलंय त्याला," काकी म्हणाली आणि आमसुलं कुस्करायला आत गेली.

आम्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. अंगावर गांधी उठल्या की पित्त, आणि पित्तावर आमसुलाचं पाणी, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. एरवी ते चालूनही जातं. पण माशी चावली होती मानेला, आणि गांधी उठल्या होत्या मांडीवर. हे अंतर कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते मुलाच्या, तेही वेगळ्याच गोष्टीवरून. "बाबा, आवाज असा काय येतोय?" आवाज घोगरा झाला होता, आणि गडी सारखा घसा खाकरत होता. मग मात्र आमसुलं तशीच टाकून रिक्षा बोलावली.

माशी चावली की शरीरात दोन अगदी निराळ्या गोष्टी घडू शकतात. पहिली विषाची. मधमाशीच्या विषातलं पाणी वगळलं तर जवळजवळ निम्मा भाग मेलिटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. ते पेशींची आवरणं फोडतं, म्हणून आग होते, सूज येते. हे सगळ्यांनाच होतं आणि चावल्या जागेपुरतं राहतं. कधी कधी सूज भलतीच वाढते. मनगटाला चावली तर कोपरापर्यंत हात सुजतो, दोन दिवस वाढतच जातो आणि उतरायला आठवडा घेतो. दिसायला भयंकर, पण सहसा धोका नाही, आणि बहुतेक वेळा त्यात पूही नसतो, त्यामुळे अँटिबायोटिक गिळायचं कारण नाही. बर्फाचा शेक, सेट्रिझिनची गोळी आणि थोडा धीर पुरतो.

दुसरी गोष्ट ॲलर्जीची. ती माशीच्या विषापेक्षा आपल्याच शरीराच्या गैरसमजातून घडते. आधी कधीतरी चावलेल्या माशीचं विष काही जणांचं शरीर शत्रू म्हणून लक्षात ठेवतं आणि त्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार करतं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने 1966 साली ही प्रतिद्रव्यं ओळखली. ती मास्ट पेशींच्या अंगावर जाऊन बसतात. मास्ट पेशी म्हणजे हिस्टामिनसारख्या रसायनांनी गच्च भरलेली पोती. त्वचेत, श्वासनलिकेत, आतड्यात सगळीकडे पसरलेली. पुढच्या वेळी तेच विष आलं की सगळी पोती एकदम उसवतात. म्हणून "मला शंभरदा चावल्यात, काही होत नाही" या बढाईत फारसा अर्थ नाही. एकशे एकावी चावेल तोवर शरीराची तयारी झालेली असू शकते.

पुढे काय होतं ते पोफळीच्या बागेतला पाट डोळ्यांसमोर आणला की कळतं. पाटाला ठिकठिकाणी भगदाडं पडली तर पाणी मधेच झिरपून जातं आणि शेवटची झाडं कोरडी राहतात. हिस्टामिनमुळे रक्तवाहिन्या सैल होतात आणि गळायलाही लागतात. तीव्र झटक्यात दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांतला जवळजवळ एक तृतीयांश द्रव बाहेर पाझरू शकतो. रक्तदाब कोसळतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तोच द्रव त्वचेत साठला की गांधी, ओठात साठला की सुजलेले ओठ, स्वरयंत्रात साठला की घोगरा आवाज. घोगरा आवाज ऐकून धाकधूक व्हायला हवी ती यासाठी.

या झटक्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. हा शब्द जन्माला येण्यात समुद्राचा हात आहे, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला आवडावी. 1901 साली मोनॅकोचा राजा पहिला अल्बर्ट याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर या डंख मारणाऱ्या सागरी जिवाचं विष अभ्यासत होते. पावसाळ्यात आपल्या पुळणीवर निळ्या फुग्यासारखे येऊन पडतात ते हेच. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफूल या दुसऱ्या सागरी जिवाचं विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. थोडं थोडं विष देऊन कुत्र्यांना त्याची सवय लावायची, असा बेत होता. झालं उलटंच. पहिला डोस पचवलेल्या नेपच्यून नावाच्या कुत्र्याला तीनेक आठवड्यांनी पुन्हा थोडंसं विष दिलं, तर तो अर्ध्या तासाच्या आत मेला. संरक्षण मिळण्याऐवजी ते गेलंच होतं. म्हणून 1902 मध्ये त्यांनी 'संरक्षणाच्या उलट' अशा अर्थाचा हा शब्द बनवला, आणि 1913 चं नोबेल रिशेला मिळालं.

आता घरच्या घरी ओळखायचं कसं? मी एकच प्रश्न विचारतो: चावलं तिथून लांब काही होतंय का? पायाला चावली आणि पायच सुजला, तर घाबरू नका. पायाला चावली आणि अंगभर गांधी उठल्या, तर नजर हलवू नका. आणि घसा आवळला, आवाज बदलला, जीभ जड झाली, छातीत सूं-सूं वाजायला लागलं, चक्कर आली, पोटात कळा येऊन उलटी झाली, किंवा माणूस नुसताच "मला कसंतरी होतंय" म्हणत पांढराफटक पडला, तर निघा. अंगावर एकही गांधी नसली तरी निघा. काही जणांचा थेट रक्तदाबच कोसळतो. उलटीला तर लोक हमखास फसतात. "उन्हात होता, उपाशी होता" अशी कारणं तयारच असतात. तोंडात किंवा घशात चावली असेल तर ॲलर्जी असो-नसो, निघायचंच. माडीत किंवा सरबतात पडलेली माशी गिळताना असं होतं, आणि तिथली साधी सूजही श्वास अडवते.

निघायची घाई का, तर डंखामुळे जे दगावतात त्यांचा श्वास वा हृदय बंद पडायला लागलेला वेळ एका ब्रिटिश नोंदींच्या अभ्यासात निम्म्या जणांत पंधरा मिनिटं किंवा त्याहून कमी निघाला होता. आमच्या वाडीतून प्राथमिक आरोग्य केंद्राला वीस मिनिटं लागतात. हे गणित जुळत नाही, म्हणूनच लक्षणं दिसल्यापासून एकही मिनिट चुना, हळद, कांदा यांत घालवायचं नाही. चुन्याने आम्ल मारलं जातं असं सांगतात, पण विष गेलेलं असतं कातडीच्या आत आणि चुना राहतो वर.

या झटक्यावर खरं औषध एकच: अ‍ॅड्रेनॅलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलांना वजनाच्या हिशेबाने, आणि फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि मास्ट पेशींनाही आवरतं. म्हणजे पाटाची भगदाडं बुजवतं. औषध स्वस्त आहे. सेट्रिझिन खाज कमी करतं, पण रक्तदाब उचलत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास जातात. आधी गोळी देऊन बघू, मग जाऊ, हा विचार म्हणूनच महागात पडतो. परदेशात लोक खिशात बाळगतात तसं स्वतः टोचायचं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. तेव्हा निघतानाच आरोग्य केंद्रात फोन करून अ‍ॅड्रेनॅलिन आहे का, डॉक्टर आहेत का हे विचारा, आणि एकाने 108 ला लावा.

नेण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथेच आपल्याकडे घोटाळा होतो. कोकणात सगळ्यांत लवकर मिळणारं वाहन म्हणजे बाइक. दोघांच्या मधे पेशंट बसवायचा आणि सुटायचं. साप चावला, ताप चढला, सगळ्याला हीच तऱ्हा. पण या झटक्यात रक्त आधीच हृदयाकडे कमी परततंय. अशा माणसाला उभं केलं किंवा एकदम बसवलं तर हृदय रिकामंच आकुंचन पावतं आणि तो जागच्या जागी जाऊ शकतो. त्याला आडवा ठेवा, पायाखाली उशी नाहीतर गोणपाट द्या. श्वास लागत असेल तर पाय पसरून, टेकून बसू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध जात असेल तर कुशीवर, गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. रस्त्यापर्यंत चालवत नेऊ नका. पायवाटच असेल तर डोली करा, खाटेवरून न्या. आमच्या गड्याला रिक्षाच्या मागच्या सीटवर मुलाच्या मांडीवर डोकं देऊन आडवा केला होता, तोही रिक्षावाल्याच्या सांगण्यावरून. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं.

मधमाशी असेल तर जाता जाता एक काम करायचं. तिचा काटा कातडीत रुततो आणि मागे राहिलेली विषाची पिशवी आपली आपण पंप करत राहते. बहुतेक विष पहिल्या वीसेक सेकंदांत आत जातं. तेव्हा चिमटा शोधत बसण्यापेक्षा नखाने, कशानेही, पण लगेच काढा. त्या काट्यातून पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तो बाकीच्या माश्यांसाठी हल्ल्याचा निरोप असतो, म्हणून काटा काढता काढताच तिथून लांब व्हा. गांधीलमाशी काटा सोडत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा चावू शकते. आंब्याच्या झाडावरचे पानं शिवून घरटं करणारे हुमले, म्हणजे तांबडे मुंगळे, तर डंखच मारत नाहीत. चावतात आणि जखमेवर आम्ल उडवतात.

आग्यामोहोळाचा कायदा आणखी वेगळा. तिथे ॲलर्जी नसलेला माणूसही नुसत्या विषाच्या मात्रेने संकटात येतो. पन्नासेक डंख बसले असतील तर माणूस ठणठणीत दिसला तरी दवाखान्यात न्या, कारण स्नायू आणि रक्तपेशी फुटून मूत्रपिंडं बंद पडायला एक-दोन दिवसही लागू शकतात.

आणि काय चावलं हे डॉक्टरला नक्की सांगा. काळोखात विंचू चावला असेल तर गणितच उलटं होतं. आपल्या तांबड्या विंचवाचं विष शरीरातलंच अ‍ॅड्रेनॅलिन वारेमाप सोडतं. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, हृदय थकतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन त्यावर वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात चाळीसवरून एकाच्या आसपास आणलं. एका डंखाला वाहिन्या आवळायच्या, दुसऱ्याला सैल करायच्या. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. त्यांतल्या बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्यांमुळे अ‍ॅड्रेनॅलिनचा जोर कमी पडतो.

गड्याला केंद्रात पोचताच मांडीत इंजेक्शन दिलं. सलाइन, ऑक्सिजन लावला. दहा मिनिटांनी त्याने स्वच्छ आवाजात विडी मागितली. ती मिळाली नाही. रात्रभर मात्र ठेवून घेतलं, कारण सगळं शमल्यावर काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो. एकदा असा झटका आलेल्या मोठ्या माणसाला पुढच्या डंखाला पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते, तेव्हा ॲलर्जीतज्ज्ञाला दाखवायला हवं. विषाचेच अगदी थोडे थोडे डोस तीन ते पाच वर्षं देऊन शरीराची समजूत घालता येते. रिशेचा फसलेला बेतच, पण नीट मोजूनमापून केलेला. तालुक्याच्या गावी मिळेल अशी ती सोय नाही, आणि गडी काही त्यासाठी मोठ्या शहरात गेलेला नाही.

राहिलेली कौलं त्याच्या मुलाने परतली. प्रत्येक कौल उचलायच्या आधी तो बांबूने खालून ठोकायचा आणि थोडा वेळ थांबून कान द्यायचा.