शिकारी जातीचं पिल्लू चाचणीला आणण्याआधी

शिकारी जातीच्या पिल्लात उपजत काय आहे ते आम्ही चाचणी घेऊन बघतो. पण सुरुवातीलाच सांगतो, आमच्याकडे शिकार होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य प्राण्याच्या मागे कुत्रं सोडणं, त्याला हाकणं हेही शिकारीतच धरलं जातं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाकडे कुत्रं सोडून बघू म्हणणारे अधूनमधून भेटतात. तिथे माळढोक अभयारण्य आहे, काळवीट आहेत. नाही म्हणजे नाही.

जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, वायमारनर, विझला ही सर्वगुणी शिकारी कुत्री. रान धुंडाळणं, पक्षी हेरून जागच्या जागी थांबणं, माग काढणं, पाण्यातून वस्तू आणणं, ही सगळी कामं एकाच कुत्र्याकडून हवीत म्हणून घडवलेली. अशा कुत्र्यांसाठी उत्तर अमेरिकेत नावडा ही संस्था १९६९ पासून आहे. तिच्या उपजत गुणांच्या चाचणीत १६ महिन्यांपर्यंतच्या कुत्र्यांना श्रेणी मिळते. तीन परीक्षक प्रत्येक गुणाला ० ते ४ अंक देतात, मग त्या अंकाला ठरलेल्या गुणकाने गुणतात. नाकाचा गुणक सर्वात मोठा, ६. माग काढण्याचा फक्त २. सगळं मिळून जास्तीत जास्त ११२.

आम्ही त्यांचा दाखला देत नाही. त्यांच्या पद्धतीवरून पिल्लाचा कल सांगतो. जिवंत पक्षी वापरत नाही. मटणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं बांधाकडेने ओढत नेतो आणि पिल्लू त्या रेषेवर नाक टेकवून जातं की इकडेतिकडे भटकतं, ते बघतो. वाट चुकल्यावर स्वतःच मागे वळून वास पुन्हा धरणारं पिल्लू आम्हाला जास्त आवडतं.

काठीला दोरी, दोरीला पीस बांधून पिल्लू थांबतं की नाही ते बरेच जण घरी बघतात आणि व्हिडिओ पाठवतात. शेपूट ताठ, पुढचा एक पाय उचललेला, दिसतं झकास! पण ते डोळ्यांनी थांबलेलं असतं, त्यावरून नाकाचं काहीच कळत नाही. उलट हा खेळ रोज केला तर पिल्लाला नजरेनेच शोधायची सवय लागते. चाचणीआधी घरी तयारी करून घेऊ नका. आम्हाला उपजत काय आहे तेच बघायचंय.

कारवानी आणि मुधोळ नजरेवर धावणारी कुत्री. मागाच्या चाचणीत त्यांना कमी अंक पडले म्हणून कुत्रं वाईट ठरत नाही. त्यांचा कागद आम्ही वेगळा करतो.

पाण्याची चाचणी मातीच्या उताराच्या तळ्यातच होते. प्लास्टिक कागद अंथरलेल्या शेततळ्यात कुत्र्याला कधीही सोडू नका. पंजे घसरतात, बाहेर येता येत नाही आणि पोहणारं कुत्रंसुद्धा दमून बुडतं.

आवाजाची भीती लांबून, हळूहळू तपासतो. सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाला पिल्लू बिथरलं असेल तर आधी सांगा, तो भाग आम्ही गाळू.

वेळ पहाटेचीच, उन्हाळ्यात तर सूर्य वर यायच्या आत. ओलसर गार जमिनीवर वास टिकतो. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. सकाळी खायला देऊ नका, पाणी द्या. रेबीजच्या लसीचं कार्ड सोबत हवं. मादी माजावर असेल तर कळवा, तारीख पुढे घेऊ.